तोंडाचा वास आणि लवंग-पुदिन्याची तेलं: कोणी नीट वापरलीयत का?

सांजवेळ (ठाणे) | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या तोंडाला खूप वास यायला लागलाय. आम्हा कोणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. पण माझी चार वर्षांची लेक गोष्ट ऐकता ऐकता त्यांच्या मांडीवरून उठली आणि "आजोबा, तुमच्या तोंडाला वास येतो" म्हणाली. त्या दिवसापासून बाबा तिला मांडीवर घेत नाहीत. खुर्ची लांब ओढून बसतात. बोलताना तोंडावर रुमाल धरतात. शाळेत ३४ वर्षं शिकवलेला माणूस, आता दोन वाक्यांच्या वर बोलत नाही.

दात दोन्ही वेळ घासतात. बाजारातला माउथवॉश झोंबतो म्हणून नको म्हणतात. मग मी लवंगेच्या आणि पेपरमिंटच्या तेलाच्या छोट्या बाटल्या मागवल्या. एका व्हिडिओत सांगितलं होतं तसे लवंग तेलाचे ४ थेंब अर्धा पेला पाण्यात टाकून चुळा भरायला दिल्या. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी खालच्या ओठाच्या आतून पांढरा चट्टा उठला. आता तिखट सोडाच, साधी आमटी जात नाही. मला फार अपराधी वाटतंय. प्रमाण चुकलं का? की दुसरं तेल घ्यायला हवं होतं?

कोकणकन्या | ३ जून, रात्री १०:४०

सांजवेळ, आधी मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या रत्नागिरीच्या घरी आजी दाढ दुखली की लवंग तेलाचा बोळा ठेवायची, कोणाला काही झालं नाही. निसर्गाचीच वस्तू आहे. बाटली भेसळीची असेल. मी तर म्हणेन तेल बदल, घाण्यावरून किंवा ओळखीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून घे.

दंतवैद्य (कोल्हापूर) | ३ जून, रात्री ११:२५

ताई, आधी चट्ट्याचं बघू. वर्णनावरून ती तेलाने झालेली भाजणूक वाटते. लवंग तेलात बहुतांश युजेनॉल असतं. आम्ही दातात जी तात्पुरती सिमेंट भरतो त्यातही तेच असतं, झिंक ऑक्साइडबरोबर मळलेलं. सुटं, न मिसळलेलं युजेनॉल गालाच्या आतल्या नाजूक कातडीला लागलं की ती पांढरी पडून सोलवटते. तेल बंद करा. गार ताकभात, मऊ खिचडी, साध्या पाण्याच्या चुळा. बहुतेक वेळा आठदहा दिवसांत भरून येतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर मात्र कोणाला तरी दाखवायचंच, त्यात चालढकल नको.

कोकणकन्या, तुमच्या आजीचा बोळा मला माहीत आहे. दुखणं तो खरंच थांबवतो, युजेनॉलने नस बधिर होते. पण आत पू झालेला असेल तर तो तसाच राहतो, आणि बोळ्याने चार दिवस ढकललेले रुग्ण मी सुजलेल्या गालाने आलेले पाहतो. शिवाय बोळा एका दाताच्या खड्ड्यात बसतो. चूळ सगळ्या तोंडभर फिरते.

आता वासाबद्दल. बहुतेकांच्या बाबतीत हा वास पोटातून येत नाही, तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या भागावर, हिरड्यांच्या फटीत हवा न पोचणाऱ्या जागी जंतू राहतात. ते अन्नातली आणि लाळेतली प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि मिथाइल मरकॅप्टन, म्हणजे कुजक्या कोबीचा. लाळ हे सगळं दिवसभर धुऊन नेत असते. झोपेत लाळ कमी होते म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो.

म्हणून चार गोष्टी विचारतो. बाबांना कवळी किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के बसवलेले खोटे दात) आहे का? तोंड कोरडं पडतं का, रात्री पाण्यासाठी उठतात का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? तंबाखू, मशेरी, सुपारी?

अर्कशाळा (पुणे) | ४ जून, सकाळी ६:५०

माझी २२ वर्षं फ्लेवर आणि सुगंधी तेलांच्या कारखान्यात गेली, म्हणून राहवत नाही. प्रमाण चुकलं नाही. ४ थेंब म्हणजे साधारण ०.२ मिली, अर्धा पेला म्हणजे १०० मिली. हिशोबाने ०.२ टक्के होतं, त्याने भाजत नाही. चूक वेगळीच आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत असते.

तेल पाण्यात विरघळत नाही.

एवढंच. चमच्याने कितीही ढवळा, दोन मिनिटांत ते वेगळं होतं. पेपरमिंट, नीलगिरी, टी ट्री पाण्यावर तरंगतात. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड आहे, ते तळाशी बसतं. दालचिनीच्या सालीचं आणि विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या पानांचंही तसंच. सांजवेळ, बाबांनी पेला तोंडाला लावून शेवटची चूळ भरली असेल तेव्हा पेल्याच्या बुडाचं निव्वळ तेल थेट खालच्या ओठावर आलं असणार. चट्टा तिथेच आहे ना?

कारखान्यात माउथवॉश करताना ही अडचण सोडवण्यातच निम्मी कसरत असते. १८७९ साली अमेरिकेत सेंट लुईसला जोसेफ लॉरेन्सने जे लिस्टरिन बनवलं (नाव सर्जन लिस्टर यांच्यावरून), त्यात थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट आहेत. म्हणजे आपल्या भाषेत ओव्याचं फूल, नीलगिरीचं सत्त्व, पुदिन्याचं फूल आणि विंटरग्रीन. मूळ प्रकारात चारही मिळून जेमतेम पाव टक्का भरतात. आणि तेवढे विरघळून राहावेत म्हणून २० टक्क्यांच्या वर अल्कोहोल आहे. बाबांना जे झोंबतं त्यात त्या अल्कोहोलचा मोठा वाटा आहे. बिनअल्कोहोलच्या प्रकारांत तेल धरून ठेवायला दुसरे पदार्थ घालतात.

दुसरा मुद्दा तीव्रतेचा. चांगल्या लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं. एक थेंब म्हणजे तीनचार लवंगांचं सगळं तेल, तेही एकदम, मोकळं. लवंग चघळताना ते दहा मिनिटं लाळेबरोबर झिरपत येतं. वनस्पती तीच, पण जिभेवर येणारा मारा अगदी वेगळा. "निसर्गाचीच वस्तू" हे वाक्य इथे उपयोगी पडत नाही.

आणि भेसळीचं. असते, भरपूर असते. पण कोकणकन्या, शुद्ध तेल जास्त भाजतं, कमी नाही.

कोकणकन्या | ४ जून, सकाळी ८:०५

लवंग तेल बुडतं हे मी आत्ता पेल्यात टाकून पाहिलं. खरंच गोल थेंब होऊन खाली बसलं. माझा वरचा सल्ला मागे घेते. इतकी वर्षं ते घरात आहे आणि कधी पाहिलंच नव्हतं.

सांजवेळ | ४ जून, सकाळी ९:३०

अर्कशाळा, हो. चट्टा बरोबर तिथेच आहे. बाबा शेवटचा घोट पेला उपडा करून घेतात, वाया घालवायचं नाही म्हणून.

दंतवैद्य, उत्तरं: खाली उजवीकडे ब्रिज आहे, १२ वर्षांपूर्वीचा. तंबाखू-सुपारी कधीच नाही. नाक वाहतं म्हणून डिसेंबरपासून रोज रात्री अ‍ॅलर्जीची गोळी घेतात. बीपीची एक आहे. रात्री दोनदा तरी पाणी प्यायला उठतात. हे कोणी मला विचारलंच नव्हतं, मीही जोडून पाहिलं नाही.

दंतवैद्य | ४ जून, दुपारी २:१०

मग तेलाच्या आधी या दोन गोष्टी. अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ सुकते. स्वतः बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा, पर्याय असतात. आणि १२ वर्षांचा ब्रिज उघड्या डोळ्यांनी चांगला दिसला तरी खाली अन्न अडकून आधाराचा दात किडलेला असू शकतो. ब्रिजखालून दोरा फिरवून त्या दोऱ्याचा वास घेऊन पहा. बाकीच्या तोंडापेक्षा तिथे वास जास्त असेल तर जागा सापडली.

वैद्य_सातारा | ४ जून, रात्री ९:००

दंतवैद्यांनी जिभेच्या मागच्या भागाचं लिहिलं त्याला जोड देतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, दिनचर्येत हेच आहे: जिभेच्या मुळाशी साठलेला मळ श्वासाला अडथळा करतो आणि दुर्गंधी आणतो, म्हणून जीभ घासावी. त्यासाठी सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ यांच्या पट्ट्या सांगितल्या आहेत, कडा बोथट असलेल्या. आणि लगेच पुढे तोंडाला स्वच्छता, रुची आणि सुगंध हवा असेल त्याने काय तोंडात धरावं ते येतं: जायफळ, लताकस्तुरी, सुपारी, लवंग, कंकोळ, विड्याचं पान, कापूर, वेलची.

मला या क्रमाचं फार मोल वाटतं. आधी घासणं, मग सुगंध. आणि सुगंधासाठी बहुतेक फळं-पानं धरायला सांगितली आहेत, तेलाच्या चुळा नाहीत. तेल तोंडात धरायचं ते गंडूष-कवल, त्यात मुख्य तिळाचं तेल. सुपारी त्या यादीत असली तरी आज मी कोणालाही देत नाही. तिच्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग आता पुरेसा सिद्ध आहे. कापूरही पोटात देत नाही.

मृदगंध | ५ जून, सकाळी ७:१५

माझं कारण निराळंच निघालं होतं म्हणून लिहितेय. दात स्वच्छ, जीभ स्वच्छ, तरी वास. पेपरमिंट, वेलची, बडीशेप सगळं करून झालं. शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी टॉन्सिलच्या खळग्यांतून तांदळाच्या कणीएवढे पिवळट खडे काढले. एका खड्याचा वास सगळी खोली भरेल एवढा. तिथे कुठलीच चूळ पोचत नव्हती. आता मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करते, त्यांनी सांगितल्याप्रमाणे.

संत्रानगरी (नागपूर) | ५ जून, सकाळी १०:४०

एक इशारा. माझ्या भावाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास यायला लागला होता. आम्ही विलायची देत बसलो. साखर प्रचंड वाढली होती, दवाखान्यात भरती करावं लागलं. असा वास, सोबत खूप तहान, उलट्या, थकवा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यारा_काठ (मेलबर्न) | ५ जून, दुपारी ४:२०

टी ट्रीबद्दल कोणी विचारायच्या आत लिहिते, कारण हल्ली भारतात तो फार लोकप्रिय झालाय. हे झाड इथलं, न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य किनाऱ्याकडचं. टर्पिनेन-४-ऑल हा त्याचा मुख्य घटक, जंतूंवर चालतो हे खरं. पण इथे बाटलीवर ठळक लिहिलेलं असतं की गिळायचं नाही. पोटात गेलं तर गुंगी, तोल जाणं. पेस्टमध्ये घातलेलं असेल तर ठीक, बाटलीतून थेट तोंडात नको.

अर्कशाळा | ५ जून, रात्री ८:४५

यारा_काठ यांना पूर्ण अनुमोदन. घरात चार वर्षांचं मूल आहे हे धाग्यात आहे, म्हणून आकडे देतोच. दोन वर्षांच्या मुलाने ५ ते १० मिली लवंग तेल प्यायल्यावर तो बेशुद्ध होऊन यकृताला इजा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात, ५ मिलीत, सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं, म्हणजे वीसेक गोळ्या. नीलगिरी आणि कापूर पोटात गेले तर लहान मुलांना झटके येतात. अमृतधारा म्हणून कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल एकत्र केलेली बाटली अनेक घरांत फ्रिजच्या दारात असते. ती तिथून आज उचला.

आता पुदिन्याचं. आपल्याकडे पेपरमिंट म्हणून जे स्वस्त मिळतं ते बरेचदा जपानी पुदिन्याचं असतं. उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल या भागांत त्याची शेती. मे-जूनमध्ये शेतातच तेल काढायच्या टाक्या पेटलेल्या असतात आणि गावात शिरायच्या आधी डोळे गार पडतात. हे तेल थंड केलं की मेन्थॉलचे लांब सुईसारखे खडे वेगळे होतात. मेन्थॉल जिभेवरच्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. म्हणून तोंड "स्वच्छ" वाटतं. ते वाटणं आणि गंधकाचे वायू खरोखर कमी होणं यांत फरक आहे. वायू बांधून ठेवायला जस्ताचे क्षार जास्त कामाचे, म्हणून चांगल्या माउथवॉशच्या लेबलवर झिंक शोधा.

लसूण-कांद्याचा वास तर रक्तातून फुप्फुसात येतो. त्यावर तोंडातल्या कुठल्याच तेलाचा इलाज नाही. जेवणासोबत कच्चं सफरचंद, पुदिन्याची पानं किंवा दूध यांनी थोडा उतरतो.

अनामिक२७ | ६ जून, रात्री १:३०

वेगळं नाव घेऊन लिहितोय. मी रोज आठ-दहा वेळा पेपरमिंट तेल बोटाने जिभेवर लावतो. ऑफिसमध्ये कोणी नाकाला हात लावला की मला वाटतं माझ्यामुळे. मीटिंगमध्ये बोलत नाही. लग्नाची स्थळं नाकारली. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले काहीच वास नाही. मला पटलं नाही. आता जिभेची आग होते, सारखी.

दंतवैद्य | ६ जून, सकाळी ७:४०

मित्रा, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. जिभेची आग तेलाने होतेय, हे नक्की थांबवता येईल. आजपासून तेल बंद.

स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, नाक त्याला सरावतं. मनगट चाटून दहा सेकंदांनी हुंगणं वगैरे ठीक आहे, पण ज्याला आधीच भीती आहे त्याला त्यातही वास येतो. खात्रीचा मार्ग एकच: एक माणूस ज्याच्यावर तुझा विश्वास आहे, भाऊ, बहीण, जुना मित्र, त्याला वेगवेगळ्या तीन दिवशी विचार. आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं असेल तर ते तुला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नसतं; वास असला तर आम्हाला खुर्चीत वाकताच कळतो. ही भीती बऱ्याच जणांना असते, तिला वैद्यकात नाव आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ ती बरी करू शकतात. तुझा त्रास खरा आहे, तो फक्त जिभेवर नाही. तुला वेगळा निरोप पाठवतो.

सांजवेळ | ६ जून, सकाळी ११:००

अनामिक२७, बाबांना तुमचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला सांग, मीही रुमाल धरून बसतो, एकटा नाहीयेस. त्यांच्याच शब्दांत पाठवतेय.

अर्कशाळा, चट्टा गेल्यावर तेल वापरायचंच झालं तर योग्य रीत कोणती?

अर्कशाळा | ६ जून, संध्याकाळी ६:१५

तेल तेलात विरघळतं. १० मिली तीळ तेल किंवा खोबरेल, म्हणजे दोन चहाचे चमचे, त्यात एकच थेंब. अर्धा टक्का होतं. काचेच्या बाटलीत हलवून ठेवायचं. त्यातलं चमचाभर तोंडात दोनतीन मिनिटं फिरवून थुंकायचं, गिळायचं नाही. बेसिनमध्ये थुंकू नका, नळी तुंबते. जुन्या कागदात थुंकून कचऱ्यात. बाटली खाण्यायोग्य दर्जाची हवी. डिफ्यूझरसाठी, म्हणजे खोलीत सुगंध पसरवायला, विकतात ती तेलं आणि "फ्रेगरन्स ऑइल" लिहिलेली तोंडात अजिबात नाहीत. दालचिनीचं तेल टाळाच, त्याची अ‍ॅलर्जी तोंडात फार वेळा दिसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर बाबांना जेवणानंतर एक लवंग किंवा दोन वेलदोडे चघळायला द्या. चघळण्याने लाळ सुटते, आणि त्यांना खरी उणीव लाळेची आहे.

दंतवैद्य | ६ जून, रात्री १०:००

अर्कशाळा यांच्या शेवटच्या दोन वाक्यांवर माझीही सही. तेलाने जो वास झाकला जाईल तो दोनचार तास. आधी ब्रिज दाखवा.

सांजवेळ | १९ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतेय, कळवायचं राहिलं होतं.

चट्टा नऊ दिवसांत गेला. दोऱ्याची खूण अचूक निघाली, ब्रिजखालचा दोरा नाकाजवळ नेववेना. डॉक्टरांनी ब्रिज काढला, आधाराची मागची दाढ आतून पूर्ण किडलेली होती, ती काढावी लागली. हिरड्या दोन खेपांत साफ केल्या. अ‍ॅलर्जीच्या गोळीऐवजी फॅमिली डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. आता रात्री पाण्यासाठी उठत नाहीत. सकाळी वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे जीभ मागून पुढे घासतात; पहिल्या दिवशी पट्टीवर जो थर आला तो पाहून ते स्वतःच गप्प झाले. तेलाची चूळ आम्ही पुन्हा दिलीच नाही. जेवणानंतर एक लवंग, बस.

वास पूर्ण गेला असं नाही. सकाळी उठल्यावर असतो, चहानंतर नसतो. परवा पावसात वीज गेली तेव्हा लेक आपणहून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. गोष्ट तासभर चालली, रुमाल खिशातच होता.

दोन प्रश्न. जीभ घासायची तांब्याची चांगली पट्टी कुठे मिळेल? सध्याची प्लास्टिकची आहे. आणि उरलेल्या तेलाचं काय करू?

वैद्य_सातारा | २० जुलै, सकाळी ६:३०

वाचून फार आनंद झाला. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत विचारा. कडा बोटाने तपासून घ्या, कुठेही खरखर नको. रोज वापरून झाली की चिंचेने घासून पुसून ठेवा, ओली राहिली तर हिरवी पडते.

अर्कशाळा | २० जुलै, सकाळी ७:०५

बेसिनमध्ये ओतू नका. जुन्या वर्तमानपत्रांच्या बोळ्यांवर ओतून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. ठेवायचंच असेल तर मूळ लेबलासकट, कुलपाच्या कपाटात.

अनामिक२७ | २० जुलै, रात्री ११:४०

सहा आठवडे तेल लावलं नाही. आग थांबली. बहिणीला विचारलं, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा नाही म्हणाली. अजून पूर्ण विश्वास बसत नाही, पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची दुसरी भेट आहे. सांजवेळ, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.